तायडे मिस्त्रींचा पाय

'बहुतेक' हा शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं. परवा संग्रामपूरच्या एका गॅरेजात गाडी नेली, तर तिथल्या मेकॅनिकनं बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, "मॅडम, बहुतेक बूस्टर गेला." मी विचारलं, "बहुतेक म्हणजे काय? पाहिलं का तू?" तो हसला आणि म्हणाला, "अनुभव हाये ना." मी त्याच्या हातातून चावी काढून घेतली, त्याला चार शब्द सुनावले आणि घरी आले. वाटेत लक्षात आलं, की ज्या आवाजात मी त्याला झापलं तो आवाज डोणगावच्या तायडे मिस्त्रींचा होता.

मिस्त्री जाऊन आता दोन वर्षं होतील. डोणगावात कुणालाही विचारा, साखरेच्या बिमारीनं गेले म्हणून सांगतील. मी आरोग्यसेविका आहे. त्या बिमारीनं माणूस कसा जातो ते मला चांगलं ठाऊक आहे. मिस्त्री गेले ते 'काही होत नाही' या तीन शब्दांनी, आणि त्यातला एखादा शब्द माझाही होता. तो राग अजून उतरलेला नाही.

तेव्हा माझी नेमणूक डोणगावजवळच्या एका उपकेंद्रात होती. दुचाकीवर लसींचा डबा आणि रजिस्टरं वाहून कंबर धरली, म्हणून आम्ही एक जुनी गाडी घेतली. चालवायची मी. आमच्या ह्यांना गाडी चालवता येत नाही, पण गाडीबद्दल बोलता सगळं येतं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग ब्रेक जड व्हायला लागला. आधी नुसता पाय टेकवला तरी गाडी ऐकायची. पुढे पुढे पेडलवर उभं राहावं लागेल की काय असं वाटायला लागलं. त्याच गाडीतून मी अवघडलेल्या बायांना मेहकरला न्यायचे. मागच्या सीटवर बाई कळा देतेय, पुढे उतार, आणि पायाखाली दगड.

तीन गॅरेजं झाली. पहिल्यानं पॅड बदलले, दुसऱ्यानं ऑइल बदललं. तिसरा तर खुर्चीतून उठलाही नाही. माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाला, "साहेब, लेडीजच्या पायात जोर कमी असते. बाकी गाडी ओक्के हाये." आणि आमच्या ह्यांनी मान हलवली. ती मान हलवणं मी आजवर विसरलेले नाही.

चौथे तायडे मिस्त्री. मेहकर रस्त्याला टिनाचं एक शेड होतं, त्याला पाटी नव्हती. उंच, काटकुळा माणूस, खाकी शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, आणि पाय उघडे. उन्हाळा असो की हिवाळा, त्या शेडमध्ये मी त्यांच्या पायात कधी चप्पल पाहिली नाही. कुणी 'राम राम मिस्त्री' म्हणो की 'जयभीम मिस्त्री' म्हणो, त्यांचं उत्तर एकच असायचं, "काय होऊन राह्यलं गाडीले?"

ह्यांनी सुरुवात केली. कोणते पॅड टाकले, कोणतं ऑइल टाकलं, त्यांच्या मते दोष कुठे असावा. मिस्त्रींनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी तुमी चालोता का?"

"नाही, ही चालवते."

"मंग तुमी काऊन बोलून राह्यले? ब्रेक यायच्या पायाले जड लागते का तुमच्या तोंडाले?"

मला त्या क्षणी त्या माणसाबद्दल जे वाटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ह्यांना कळेल.

मिस्त्री माझ्याकडे वळले. "बसा शिस्टर. चप्पल काढा. चपलेले काय समजते? आता गाडी बंद ठेवून पायडल दाबा. दाबा अन् सोडा. चार-पाच डाव." मी दाबलं. दर खेपेला पेडल अधिक घट्ट होत गेलं. "आता पाय तसाच दाबून ठेवा, अन् चाबी फिरवा." मी गाडी सुरू केली. "पाय खाली गेला का?"

"बहुतेक थोडा…"

"बहुतेक?" शेडमध्ये बसलेली दोन माणसं दचकली. "शिस्टर, तुमी पोराले सुई देता, तं बहुतेक देता का? गेला का नाई गेला? मले नका विचारू, पायाले विचारा!"

मी पुन्हा केलं. पेडल तसूभरही हललं नव्हतं. तसं सांगितल्यावर मिस्त्री पहिल्यांदा शांतपणे बोलले. त्यांनी बॉनेट उघडून चालकाच्या बाजूचा तव्याएवढा काळा डबा दाखवला. हा बूस्टर. इंजिन हवा ओढतं, ती ओढ एका पाइपातून या डब्यात येते आणि आपल्या पायाला मदत करते. गाडी सुरू होताच पेडल आपोआप थोडं खाली बसलं पाहिजे. बसलं नाही, तर मदत येत नाहीये. "तुमच्या पायात जोर लय हाये. तुमी इतके दिवस एकलीच्या जोरावर गाडी थांबोली. ज्यानं तुमाले जोर नाई म्हनलं, त्याले आना इथी."

मग त्यांनी हात वर करून "चूप!" म्हटलं. ह्यांचा मोबाइल बंद करायला लावला. शेजारच्या रसवंतीवाल्याला ओरडून यंत्र थांबवायला लावलं, आणि गंमत म्हणजे त्यानं थांबवलंही. इंजिन चालू ठेवून मिस्त्रींनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक त्या पाइपाजवळून सावकाश फिरवलं. एका जागी ते थांबले. नळी माझ्या कानाला दिली. दुधाच्या पातेल्याखाली शेगडी सुसावते तसा आवाज येत होता. तिथं पाइपाला कुणीतरी काळी टेप गुंडाळली होती. मिस्त्रींनी ती सोडवली. खाली बोटभर चीर.

"पाहा," ते ती टेप माझ्यासमोर धरून म्हणाले. "याले दिसलं होतं. ज्यानं टेप मारली त्याले चीर दिसली होती. दिसूनही झाकली. या हरामखोराच्या भरवशावर तुमी पोटुशा बाया नेऊन राह्यल्या." पाइप बदलल्यावर त्यांनी त्यावरचा छोटा व्हॉल्व्ह काढून तोंडानं फुंकून पाहिला, कारण हवा एकाच बाजूनं जायला हवी. मग स्वतः बसून अनवाणी पायानं तपासलं, आणि पुन्हा मला बसवलं. ज्याचा पाय गाडीवर असतो त्याच्या पायानं हो म्हटल्याशिवाय चावी हातात द्यायची नाही, हा त्यांचा नियम होता. पेडल माझ्या तळव्याखाली अलगद खाली गेलं. "गेला?" "गेला." "नक्की?" "नक्की." तेव्हा चावी मिळाली.

हा नियम मोठ्यांनाही होता. एका बड्या शेतकऱ्यानं गाडी आणायला सालदाराला पाठवलं, तर मिस्त्रींनी त्याला परत पाठवलं. "मालकाले म्हना, पाय घेऊन या." मालक तणतणत आले, गावासमोर बूट काढून बसले, आणि हो म्हणून गेले. गावात मिस्त्रींना तोंडावर मान होता आणि पाठीमागे 'सनकी' हे नाव होतं. मिस्त्रींना दोन्ही माहीत होतं.

सगळ्यात जास्त राग त्यांना उतारावर गाडी बंद करणाऱ्यांचा यायचा. आमच्याकडे ही खोड घरोघरी आहे. उतार लागला की चावी फिरवायची, गाडी गडगडत जाऊ द्यायची, डिझेल वाचवल्याची फुशारकी वर. गजानन नावाचा एक जीपवाला त्यात पटाईत होता. एकदा शेडमध्ये बसून तो सांगत होता, की घाटाच्या माथ्यावर बंद केलेली जीप आपण थेट खालच्या हॉटेलासमोरच सुरू करतो. मिस्त्री उठले. त्याला उभ्या जीपमध्ये बसवलं, चावी खिशात घातली.

"दाब ब्रेक. सोड. दाब. सोड. आणखीन." चौथ्या वेळेला पेडल दगड झालं. मिस्त्री गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले. "आता समज, इथी तुही माय उभी हाये. थांबव."

गजानन दाबत राहिला. कपाळाची शीर फुगली, पण पेडल हललं नाही.

"इंजिन बंद म्हनजे डब्यातली ओढ दोन-चार डावात सरते. मंग एकटा पाय. तुहा पाय काय हत्तीचा हाये बे?" पुढे ते जे बोलले त्यात गजाननच्या खानदानाचा उद्धार होता. पण गजाननची खोड त्या दिवशी मोडली. पुढच्या गोष्टीत हे महत्त्वाचं आहे, म्हणून सांगितलं.

आता माझी चूक. एका दुपारी मी गाडीत हवा भरायला थांबले, तर शेडच्या सिमेंटवर रक्ताचे ठसे होते. एकाच पायाचे. बाकावरून गाडीपर्यंत, गाडीपासून पाण्याच्या रांजणापर्यंत. मिस्त्री मजेत काम करत होते. मी त्यांना बळंच बसवलं आणि तळवा पाहिला. अंगठ्याच्या खाली स्क्रू रुतला होता, डोक्यापर्यंत.

"कधी लागला हा?"

"कोनता?" मिस्त्री म्हणाले.

स्क्रू आत असलेला माणूस 'कोणता' म्हणतो, हे ऐकून आरोग्यसेविकेच्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वाजलीही; साखर वाढली की पाय बधिर होतात. मी स्क्रू काढला, जखम धुतली, पट्टी केली, धनुर्वाताची सुई दिली. म्हटलं, "मिस्त्री, साखर तपासून घ्या. एकदा उपकेंद्रात येऊन जा."

"काही होत नाई शिस्टर. अनवाणी फिरून कातडं जाड झालं."

"तरी येऊन जा एकदा," मी म्हणाले, आणि लसीकरणाला उशीर होत होता म्हणून निघाले. साखर तपासायचं यंत्र माझ्या पिशवीत होतं. त्या दिवशी, त्याच पिशवीत. पुढे सहा-सात महिन्यांत मी त्यांना दहा वेळा तरी भेटले असेन, आणि 'येऊन जा' याच्या पलीकडे काही केलं नाही. मला चीर दिसली होती, आणि मी वर टेप गुंडाळून निघून गेले होते.

मग ती गोष्ट झाली. गजाननच्या घरी लग्न होतं. जीपचा ब्रेक जड लागतो म्हणून त्यानं ती मिस्त्रींकडे टाकली होती. मिस्त्रींनी पाइप बदलला. गजानन घ्यायला आला तेव्हा साखरखेर्ड्याला मुहूर्त गाठायचा होता, जीपमध्ये गजाननच्या आईसकट म्हाताऱ्या बाया आधीच बसलेल्या, त्यांची गाणी चालू. मिस्त्रींनी स्वतः बसून पाय दाबला, चावी फिरवली आणि म्हणाले, "बसला. आता तू बस." गजानन हात जोडून म्हणाला, "मिस्त्री, तुमी पाह्यलं ना? मंग झालं. उशीर होऊन राह्यला." आणि मिस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा, पाय न घेता, चावी दिली.

पुढच्या उतारावर समोर बैलगाडी आली. गजाननच्या पायाखाली दगड. जीप रस्ता सोडून तुरीच्या वावरात शिरली आणि बांधाला अडली. बाकीच्यांना खरचटलं, पण गजाननच्या आईचा हात दोन जागी मोडला. प्लास्टर घालायची सोय माझ्याकडे नव्हती. फळी बांधून मेहकरला नेलं. वाटभर ती मिस्त्रींना शिव्या देत नव्हती, गजाननला देत होती.

सगळं गाव गजाननलाच देत होतं. जो तो म्हणे, यानं जुन्या खोडीनं उतारावर गाडी बंद केली असणार, मग ब्रेक कसा लागणार! मिस्त्रींना सोडवायला गावानं आयती वाट काढून दिली होती. गजानन आईची शपथ घेऊन सांगत होता, की इंजिन चालू होतं. त्याचं कुणी ऐकेना. तो माझ्यासमोर रडला. "शिस्टर, गावातच पायडल जड लागत होतं. पन मिस्त्रीनं पास केली म्हनून मले वाटलं, माह्याच मनाचा भास हाये."

दुसऱ्या दिवशी जीप ओढून शेडसमोर आणली. बरीच माणसं जमली होती, मीही होते. कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री, तुमची काय चूक? यानं गाडी बंद केली असन."

"तू होता का गाडीत?" मिस्त्रींनी विचारलं. "मंग गाडीले विचारू."

या वेळी ते सीटवर बसले नाहीत. दार उघडून खाली उकिडवे बसले आणि पेडलवर तळहात ठेवला. चार-पाच वेळा दाबलं. गजाननला म्हणाले, "चालू कर." इंजिन सुरू झालं. मिस्त्री हात तसाच दाबून बसले. बराच वेळ बसले. पाइप नवा होता, पण बूस्टर आतूनच फाटला होता. पेडल बसत नव्हतं, आदल्या दिवशीही बसलं नसणार.

ते उठले. "गजाननची चूक नाई. माही चूक हाये. नाई बसलं, अन् म्या बसलं म्हनलं." लोक समजूत घालायला लागले, होतं कधी कधी, वय झालं. त्यावर मिस्त्री असे उसळले, की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "काय होते कधी कधी? त्या मायचा हात मोडला! तुमी मले झाकून काऊन राह्यले बे? मी काय टेप मारून घ्यायची चीर हाव का?" आणि त्यांनी सगळ्यांना शेडबाहेर काढलं. मला नाही काढलं. माझ्याकडे पाहत म्हणाले, "शिस्टर, हाताले समजलं. पायाले काऊन नाई समजलं?"

मी त्यांना तिथल्या तिथं गाडीत घालून उपकेंद्रात नेलं. बोटाचा थेंब घेतला. यंत्रावरचा आकडा पाहून मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. मग पाय तपासायला घेतले. त्यासाठी आमच्याकडे काडीला लावलेला नायलॉनचा दोरा असतो. त्याचं टोक तळव्याला टेकवायचं, दोरा जरासा वाकला की पुरे. माणसानं डोळे मिटायचे आणि लागलं की हो म्हणायचं.

उजवा पाय. मी दोरा टेकवला, मिस्त्री गप्प. दुसऱ्या जागी टेकवला, तरी गप्प. तिसऱ्या वेळेला मी हात मागे घेतला, काहीच टेकवलं नाही, आणि मिस्त्री म्हणाले, "हाव."

पुन्हा काही न टेकवता मी थांबले. "हाव, लागला."

मी ओरडले. उपकेंद्रातल्या बाया दारात आल्या, इतकी मोठ्यानं ओरडले. "अंदाजे सांगू नका! मी लावलाच नाही! मला नका सांगू, पायाले विचारा!"

मिस्त्रींनी डोळे उघडले. थोडा वेळ त्यांनी माझ्या हातातल्या दोऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाय बोलतच नाई शिस्टर. वर्स झालं असन. मले वाटलं, मी बोलीन त्याच्या बदल्यात."

गोळ्या सुरू झाल्या, पण स्क्रूची ती जुनी जखम आतून कधीच भरली नव्हती. पावसाळ्यात ती चिघळली आणि मोठ्या दवाखान्यात उजवा पंजा काढावा लागला. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस दाखवलं का नाही. मिस्त्रींच्या पत्नीनं, वत्सलाबाईंनी, माझ्याकडे पाहिलं. काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढे माझी संग्रामपूरला बदली झाली. निघायच्या दिवशी मी गाडी घेऊन शेडवर गेले. मिस्त्री स्टुलावर बसून होते, उजव्या पायात जाड बूट, डावा मात्र पूर्वीसारखा उघडा. मी त्यावरून भांडले. "चप्पल कुठं आहे?" तर म्हणाले, "घालतो, घालतो. आधी बसा. लांब जायचं हाये." मी चप्पल काढून बसले. पाच वेळा दाबलं, चावी फिरवली. पेडल खाली गेलं.

"गेला?"

"गेला."

"नक्की?"

"नक्की. अन् तुमचा डावा पाय रोज तपासता ना? दोरा दिला होता मी."

"रोज सकाळी," मिस्त्री ताठ्यानं म्हणाले. "वत्सलाबाई लावते, मी सांगतो. एक चूक नाई आजलोग. पाहा पायजे तं." आणि त्यांनी आत हाक मारली. वत्सलाबाई दोरा घेऊन बाहेर आल्या, स्टुलासमोर बसल्या. मला उशीर होत होता. मी हात हलवला आणि गाडी हळूच पुढे काढली. आरशात ते दोघं दिसत होते. मिस्त्रींनी डबड्यावर डावा पाय टेकवून डोळे मिटले होते. वत्सलाबाई पदराला दोरा पुसत होत्या.

"हाव!" मिस्त्री मोठ्यानं, मला ऐकू जाईल असं म्हणाले.

"अवो, अजून लावलाच नाई म्या!" वत्सलाबाईंचा आवाज आला.

मी ब्रेक दाबला. पाय टेकवताच गाडी जागच्या जागी उभी राहिली. तशीच अनवाणी मी रस्त्यावर उतरले आणि, ज्या आवाजात त्यांनी मला सगळं शिकवलं होतं त्याच आवाजात, त्यांच्यावर ओरडत मागे पळत सुटले.